मूळ गुन्हेपट आणि त्याचा हॉलिवूड रीमेक: पात्रनिवड शेजारी ठेवून कशी पाहायची

परदेशी गुन्हेपटाचा हॉलिवूडने रीमेक केला की चर्चा बहुतेक वेळा ‘मूळचाच चांगला’ या वाक्यावर संपते. त्यातून हाती काही लागत नाही. दोन्ही सिनेमे शेजारी ठेवून अभ्यासायचे असतील, त्यांवर लिहायचं असेल किंवा फिल्म क्लबमध्ये दाखवून बोलायचं असेल, तर सुरुवात पात्रनिवडीपासून करावी. खून तोच, तपास तोच, पण नट बदलला की प्रेक्षकाचा जीव कोणात गुंततो ते बदलतं, आणि मग पटकथेलाही त्यामागून जावं लागतं.

हॉलिवूडचा रीमेक बहुधा शेवटी हिशोब मिटवतो. अपराध्याला गोळी लागते, नाहीतर तो कबुली देऊन मोकळा होतो. मूळ सिनेमा बऱ्याचदा तो हिशोब उघडा ठेवतो आणि माणसाला त्यासकट जगायला लावतो. हिशोब कोण मिटवणार याचा अंदाज पुष्कळदा नटांच्या यादीवरूनच येतो. हे कसं ताडून पाहायचं, ते पुढे दिलं आहे. शेवट उघड केल्याशिवाय हा विषय मांडता येत नाही, त्यामुळे इथे नाव आलेल्या जवळपास प्रत्येक सिनेमाचा शेवट सांगितलेला आहे.

जोडी निवडताना

आधी खात्री करा की तो खरोखर रीमेक आहे. श्रेयनामावलीत पटकथेखाली ‘अमुक चित्रपटावर आधारित’ लिहिलं आहे की ‘अमुक कादंबरीवर’, हे थांबवून वाचा. ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’चं उदाहरण घ्या. २००९चा स्वीडिश सिनेमा आणि डेव्हिड फिंचरचा २०११चा सिनेमा ही स्टीग लार्सनच्या एकाच कादंबरीची दोन रूपांतरं आहेत. अशा जोडीत फरक दिसला की तो आधीच्या सिनेमापासून घेतलेली फारकत आहे की कादंबरीकडे परत जाणं आहे, हे पुस्तक उघडल्याशिवाय सांगता येत नाही. सुरुवातीला अशी तिहेरी तुलना टाळा.

पहिली जोडी म्हणून ‘इन्सोम्निया’ घ्यावी. १९९७चा नॉर्वेजियन सिनेमा साधारण ९७ मिनिटांचा आणि ख्रिस्तोफर नोलनचा २००२चा रीमेक ११८ मिनिटांचा. पात्रं मोजकी, कथेचा सांगाडा सारखा, आणि फरक पडला आहे तो नेमका नायकाच्या स्वभावात. त्यानंतर हाँगकाँगचा ‘इन्फर्नल अफेअर्स’ आणि त्याचा रीमेक ‘द डिपार्टेड’. तिथे १०१ मिनिटांचे १५१ झाले आहेत, म्हणजे तब्बल ५० मिनिटं वाढली. ती कोणत्या नटाला मिळाली, हा पहिला शोध.

परदेशी जोडीला हात घालण्याआधी थोडा सराव हवा असेल तर ‘दृश्यम’ हाताशी आहे. मोहनलालचा मल्याळम सिनेमा २०१३चा. निशिकांत कामत यांनी २०१५मध्ये तो हिंदीत करताना कथा गोव्यात आणली आणि जॉर्जकुट्टीच्या जागी अजय देवगणचा विजय साळगावकर आला. ‘सिंघम’ पाहिलेला प्रेक्षक या माणसाचा हात कधी उठतो याची वाट पाहत बसतो, आणि तो मात्र कमलेश सावंतच्या गायतोंडेचा मार निमूट खातो. नटाची जुनी ओळख नव्या भूमिकेत कशी काम करते, हे इथे आपल्याला आपोआप कळतं, कारण ती ओळख आपलीच आहे. परदेशी नटांच्या बाबतीत हेच मुद्दाम शोधावं लागतं.

प्रिंट आणि आवाज

डब केलेली आवृत्ती घेऊ नका. डबिंगमध्ये अर्धी पात्रनिवड पुसली जाते, कारण चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा होतो. ओटीटीवर सिनेमा लावल्यावर ऑडिओच्या यादीत मूळ भाषा निवडली आहे ना, ते आधी पाहा. काही ठिकाणी इंग्रजी किंवा हिंदी ऑडिओ आपोआप लागतो. सबटायटल्समध्येही एक खोच असते. काही प्रतींवर डबिंगच्या संवादांवरून बनवलेली सबटायटल्स असतात. डबिंगचं वाक्य ओठांच्या हालचालीत बसवलेलं असल्यामुळे त्यातला अर्थ सैल झालेला असतो. पात्र दोनच शब्द बोललं आणि खाली मोठं वाक्य आलं, असं वारंवार होत असेल तर दुसरी सबटायटल्स शोधा.

लांबी तपासा. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या असतात. त्यांत सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम धावतात, त्यामुळे सिनेमा सुमारे ४ टक्के लवकर संपतो. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपला तर काही कापलं आहे असं समजू नका. पण आवाजही किंचित चढलेला असतो आणि नटाचा स्वर ऐकताना तो आड येतो. फरक ८-१० टक्क्यांवर गेला तर मात्र ती खरोखर वेगळी कापलेली प्रत असू शकते.

शेवटही तपासा. ‘इन्फर्नल अफेअर्स’चे दोन शेवट आहेत. मूळ शेवटात पोलिसांत घुसलेला गुंड सहीसलामत सुटतो. चीनच्या मुख्य भूमीसाठी केलेल्या शेवटात लिफ्टमधून बाहेर येताच त्याला अटक होते. हा दुसरा शेवट पाहून तुलना केली तर सगळा मुद्दाच उलटतो. याच सिनेमाचे पुढचे दोन भाग २००३मध्ये आले. तेही बाजूला ठेवा, कारण रीमेकशी ताडून पाहायचा तो पहिलाच भाग.

पाहण्याचा क्रम आणि वही

मूळ सिनेमा आधी. रीमेकचा ट्रेलरसुद्धा त्याआधी नको, कारण ट्रेलर विकतो तो स्टारला, आणि तो चेहरा एकदा डोक्यात बसला की मूळ नट ‘त्याच्यासारखा नसलेला’ वाटू लागतो. दोन्हींमध्ये एक-दोन दिवसांचं अंतर ठेवा. एकाच रात्री सलग पाहिले तर दुसऱ्यात तुम्ही फक्त जुळणारे प्रसंग मोजत बसता. दोन-तीन आठवडे गेले तर नटाचे बारकावे विसरायला होतात आणि फक्त कथा लक्षात राहते.

पहिल्यांदा पाहताना टिपणं काढू नका. फक्त सिनेमा संपल्यावर दोन ओळी लिहून ठेवा: कोणाची कीव आली, कोणाचा राग आला. दुसऱ्या वेळी वही घ्या. वहीचं पान आडवं धरून प्रत्येक मुख्य पात्राला एक ओळ द्या आणि हे रकाने आखा: मूळ नट आणि त्याचं वय, रीमेकचा नट आणि त्याचं वय, त्याआधी तो कशासाठी ओळखला जायचा, पडद्यावर पहिल्यांदा कितव्या मिनिटाला येतो, त्याचं सर्वांत वाईट कृत्य कोणतं, आणि शेवटी त्याचं काय होतं. वय काढताना प्रदर्शनाच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करा आणि मग आणखी एक कमी करा, कारण चित्रीकरण बहुधा आदल्या वर्षी झालेलं असतं.

दोन तासांच्या सिनेमात पाच-सहा पात्रं पुरेत. सगळी पात्रं नोंदवायला गेलात तर हाती नुसता तक्ता येईल आणि त्यातला मुद्दा निसटेल.

यातला ‘सर्वांत वाईट कृत्य’ हा रकाना सगळ्यांत जास्त बोलतो. ‘इन्सोम्निया’वर तो भरून पाहू.

एक जोडी जवळून: ‘इन्सोम्निया’

एरिक श्योल्ब्यर्गच्या मूळ सिनेमात स्टेलान स्कार्सगार्ड हा स्वीडिश तपास अधिकारी आहे. उत्तर नॉर्वेत, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तिथे तो एका मुलीच्या खुनाच्या तपासाला येतो. धुक्यात संशयिताचा पाठलाग करताना त्याच्या हातून आपलाच सहकारी मारला जातो आणि तो ते लपवतो. नॉर्वेचे पोलिस तेव्हा एरवी शस्त्र बाळगत नसत आणि याच्याकडे पिस्तूल आहे, हा तपशील सोडू नका. तो परका आहे हे मूळ सिनेमा त्या पिस्तुलातूनच सांगतो.

पुरावा बदलण्यासाठी त्याला झाडलेली एक गोळी हवी असते. मूळ सिनेमात तो गल्लीतल्या जिवंत कुत्र्यावर गोळी झाडतो. रीमेकमध्ये अल पचिनोला गल्लीत आधीच मेलेला कुत्रा सापडतो आणि त्याच्या शरीरात तो गोळी झाडतो. दोन्ही प्रसंग पाठोपाठ लावा आणि नटांचे चेहरे पाहा. स्कार्सगार्डच्या चेहऱ्यावर किळस नाही, घाई आहे. पचिनोच्या चेहऱ्यावर थकवा आणि शरम आहे, आणि कॅमेरा ती शरम आपल्याला दिसावी म्हणून थांबतो. एका कुत्र्याचा जीव वाचवून रीमेकने नायकाला प्रेक्षकाच्या माफीच्या आवाक्यात ठेवलं.

हाच नियम इतर ठिकाणी लावून पाहा. मूळ अधिकाऱ्याचं हॉटेलातल्या रिसेप्शनिस्टशी वागणं जबरदस्तीपर्यंत जातं. रीमेकमध्ये त्या जागी हॉटेल चालवणारी बाई आहे आणि पचिनो तिच्यापाशी मन मोकळं करतो: एका बालहत्येच्या खटल्यात आपण खोटा पुरावा पेरला होता, असं सांगतो. पाप तेवढंच, पण ते एका नराधमाला अडकवण्यासाठी केलेलं. पचिनोसारखा नट घेतल्यावर हे होणारच होतं. त्याच्यामागे तीस वर्षांच्या भूमिका उभ्या आहेत, आणि त्या माणसाला क्षुद्र दाखवायला कोणताही मोठा स्टुडिओ सहजी तयार होत नाही. त्याचं पतन भव्य असावं लागतं.

वयाचा रकाना पाहा. स्कार्सगार्ड चित्रीकरणाच्या वेळी साधारण ४५चा, पचिनो ६१चा. पंचेचाळिशीतला अधिकारी पकडला गेला तर त्याची उरलेली नोकरी जाईल, म्हणून तो लपवतो. एकसष्टीतला गेला तर त्याची आयुष्यभराची कीर्ती जाईल. म्हणूनच रीमेकमध्ये हिलरी स्वँकची तरुण पोलिस त्याची भक्त आहे, त्याच्या केसेस अभ्यासून आलेली. मूळ सिनेमातली हिल्दे कोणाची भक्त नाही. ती शांतपणे आपलं काम करते आणि शेवटी तिला काडतुसाचं रिकामं कवच सापडतं. ते त्याच्यापुढे ठेवून ती निघून जाते आणि तोही गाडी घेऊन चालता होतो. प्रकरण तिथेच, उघडं. रीमेकमध्ये स्वँक ते कवच पाण्यात फेकायला निघते, मरणाच्या दारातला पचिनो तिला अडवतो आणि मग प्राण सोडतो. हिशोब मिटला.

रॉबिन विल्यम्सची निवडही इथेच समजून घ्यावी. प्रेक्षकांनी हसवणारा, मायाळू म्हणून ओळखलेला नट खुनी म्हणून आणायचा, आणि तोही आधी फोनवरचा नुसता आवाज म्हणून. पडद्यावर तो बराच वेळ दिसत नाही. तो कितव्या मिनिटाला दिसतो आणि तोपर्यंत किती वेळा ऐकू येतो, हे घड्याळ लावून नोंदवा. अख्ख्या सिनेमातली ही सर्वांत हुशार निवड आहे.

घरच्या प्रेक्षकाला काय माहीत होतं

मूळ सिनेमाचा नट आपल्याला कोरा वाटतो, कारण आपण त्याला पहिल्यांदा पाहत असतो. त्याच्या देशातल्या प्रेक्षकासाठी तो कोरा नसतो. हे विसरलं की तुलना लंगडी होते. अशोक सराफ अचानक खुनाच्या तपासातल्या दारुड्या कारकुनाच्या भूमिकेत दिसले तर आपल्याला जे वाटेल, तसंच अर्जेंटिनातल्या प्रेक्षकांना ‘द सीक्रेट इन देअर आइज’मध्ये वाटलं असणार. त्यातला सांदोव्हाल साकारणारा गिलेर्मो फ्रान्सेला हा तिथला लोकप्रिय विनोदी नट. त्याच्या दारूवर आपण हसतो आणि मग तो मित्रासाठी मरतो. २०१५च्या रीमेकमध्ये हेच पात्र डीन नॉरिसकडे आलं आणि तो एक सरळ, भरवशाचा सहकारी होऊन राहिला. हसू गेलं तसा मरणाचा धक्काही गेला.

हाँगकाँगच्या ‘इन्फर्नल अफेअर्स’मधला टोळीप्रमुख एरिक त्सांग हाही विनोदी भूमिका आणि सूत्रसंचालनासाठी ओळखला जाणारा चेहरा. बुटका, हसतमुख. ‘द डिपार्टेड’मध्ये त्याच्या जागी जॅक निकल्सन आल्यावर भीती पहिल्या मिनिटापासून जाहीर झाली. सिनेमा त्याच्याच आवाजात सुरू होतो आणि वाढलेल्या ५० मिनिटांतली मोठी वाटणी त्याला मिळते.

स्वीडिश ‘ड्रॅगन टॅटू’त खुनी ठरणारा मार्टिन साकारला आहे पीटर हाबरने. हाच नट १९९७पासून टीव्हीवर मार्टिन बेक या सचोटीच्या पोलिसाच्या भूमिकेत स्वीडनच्या घराघरांत होता. स्वीडिश प्रेक्षकाच्या दृष्टीने शेवटचा संशयित तोच असणार. फिंचरने त्या जागी स्कार्सगार्डला घेतलं. तो काम उत्तम करतो, पण जागतिक प्रेक्षकाला तो यादीतला सर्वांत ओळखीचा नातेवाईक दिसतो आणि रहस्यपटात असा चेहरा उगाच घेत नाहीत, हे अनुभवी प्रेक्षक ओळखतो.

हे शोधण्याची रीत सोपी आहे. सिनेमाच्या आधीच्या पाच वर्षांतली त्या नटाची कामं काढा आणि टीव्ही मालिका मुद्दाम तपासा, कारण परदेशात पोहोचतात त्या फिल्मोग्राफींत त्या बऱ्याचदा मागे पडलेल्या असतात. मग मूळ देशातलं पोस्टर आणि अमेरिकन पोस्टर समोरासमोर ठेवा. कोणाचा चेहरा मोठा आहे? नावांचा क्रम काय? हॉलिवूडच्या श्रेयनामावलीत शेवटी ‘विथ’ किंवा ‘अँड’ लावून येणारं नाव वाटाघाटी करून घेतलेलं असतं. रहस्यपटात लहान भूमिकेतल्या मोठ्या नटाला तशी जागा मिळाली असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवा.

वय कथेला कुठे वळवतं

‘इन्फर्नल अफेअर्स’मध्ये टोनी ल्युंग चाळिशीचा आहे आणि पोलिसांत घुसलेला गुंड साकारणारा अँडी लाउही. दोघांचं तरुणपण शॉन यू आणि एडिसन चेन या वेगळ्या नटांनी केलं आहे. गुंडांत घुसलेला पोलिस दहा वर्षं आपलं नाव विसरून जगला आहे, आणि ती दहा वर्षं ल्युंगच्या डोळ्यांखाली दिसतात. ‘द डिपार्टेड’मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीने त्याच भूमिकेत लिओनार्दो डिकॅप्रिओला घेतलं तेव्हा तो तिशीच्या सुरुवातीला होता आणि अकादमीतला उमेदवारही त्याने स्वतःच केला. त्यामुळे मुदत दहा वर्षांवरून खूपच खाली आली. थकव्याच्या जागी धडधड आली: हाताला कंप, गोळ्या, उसळता राग. दोन्ही निवडी आपापल्या सिनेमात अचूक आहेत. फक्त ‘डिकॅप्रिओ ल्युंगइतका खोल नाही’ असं लिहू नका. त्याला वेगळीच भूमिका दिली आहे.

‘ओल्डबॉय’मध्ये वयाचा खेळ आणखी धीट आहे. पार्क चान-वूकच्या २००३च्या कोरियन सिनेमात कैदेतून सुटलेला चोई मिन-सिक चाळिशी ओलांडलेला, आणि त्याचा शत्रू यू जी-ते जेमतेम सव्वीस-सत्तावीसचा. कथेत मात्र दोघं एकाच शाळेतले. सूड घेणारा माणूस त्या शालेय दिवसातच गोठून राहिला आहे, असं ही निवड न बोलता सांगते. २०१३च्या रीमेकमध्ये जॉश ब्रोलिन आणि शार्ल्टो कोपली यांच्या वयांत पाचेक वर्षांचंच अंतर आहे. हिशोब वास्तवाला धरून झाला आणि ती गूढ जखम गेली. हातोड्याची मारामारीही याच नजरेने पाहा. चोई धापा टाकतो, पडतो, पाठीत सुरा घेऊन उठतो. ब्रोलिनचं शरीर कैदेत कमावलेलं आहे आणि मारामारी त्या शरीराची झाली आहे.

जोडलेली आणि नव्याने आलेली पात्रं

मूळ आणि रीमेकच्या पात्रांना रेघांनी जोडा. एका नावाला दोन रेघा आल्या किंवा एखादं नाव रेघेविना राहिलं तर तिथे पटकथा फिरली आहे.

‘इन्फर्नल अफेअर्स’मध्ये मानसोपचारतज्ज्ञ वेगळी आणि घुसखोराची होणारी बायको वेगळी. ‘द डिपार्टेड’मध्ये व्हेरा फार्मिगाच्या एकाच पात्रात दोघी आल्या. त्यातून प्रेमत्रिकोण तयार झाला आणि दोन नायकांना बांधणारी तिसरी गाठ मिळाली. पण मूळ सिनेमात लाउची प्रेयसी लेखिका आहे आणि तिच्या कादंबरीतला दुभंगलेला नायक तिच्याच घरात आहे. तो धागा तुटला. रेघेविना राहिलेलं नाव म्हणजे मार्क वॉलबर्गचा डिग्नम. मूळ सिनेमात त्याच्यासारखं पात्र नाही. तो सगळा वेळ शिव्या देत वावरतो आणि शेवटी पोलिसांत घुसलेल्या गुंडाला, मॅट डेमनला, गोळी घालतो. ज्या हिशोबासाठी त्याला आणलं तो त्याने चुकता केला. मूळ सिनेमात लाउ सन्मानाने जिवंत राहतो आणि तीच त्याची शिक्षा असते.

‘द सीक्रेट इन देअर आइज’च्या रीमेकमध्ये बदल यापेक्षा मोठा आहे. मूळ सिनेमात बळी गेलेल्या बाईचा नवरा मोरालेस संध्याकाळी कामावरून सुटून रेल्वे स्टेशनांवर बसून राहतो, खुनी कधीतरी दिसेल म्हणून. रिकार्दो दारीनचा न्यायालयीन अधिकारी त्या परक्या माणसाच्या निष्ठेने हलतो. रीमेकमध्ये नवऱ्याच्या जागी आई आली: जुलिया रॉबर्ट्स, आणि तीही तपास पथकातली. तिचा चेहरा मृतदेह पाहताना ज्या तऱ्हेने कोसळतो ते खरोखर थोर काम आहे. पण पोलिस असलेली आई काय करू शकेल याचा संशय आपल्याला फार आधी येतो. मोरालेसचा येत नाही, कारण तो बँकेतला साधा माणूस आहे. शेवटही पाहा. मूळ सिनेमात मोरालेस खुन्याला कोंडून ठेवून स्वतःही त्या कैदेत म्हातारा झाला आहे आणि दारीन ते पाहून परत फिरतो. रीमेकमध्ये चिवेटेल एजिओफर तिच्याकडे पिस्तूल सोडतो, बाहेर खड्डा खणायला लागतो आणि आतून गोळीचा आवाज येतो.

या जोडीतला चौकशीचा प्रसंगही थांबून थांबून पाहा. सोलेदाद व्हियामिलची इरेने संशयिताची नजर आपल्या ब्लाउजवर खिळलेली पाहते आणि तिथून त्याच्या पुरुषपणाची टर उडवत त्याला भडकवते. क्षणात घेतलेला तो निर्णय चेहऱ्यावर दिसतो. निकोल किडमन तोच प्रसंग करते, पण तिच्या वावरात अधिकार पहिल्यापासूनच आहे, त्यामुळे कलाटणी कमी जाणवते.

फक्त आवाजावर उभी पात्रं

२०१८च्या डॅनिश ‘द गिल्टी’त याकोब सेदरग्रेन आपत्कालीन फोन घेणारा पोलिस आहे आणि बाकीची मुख्य पात्रं फोनवर ऐकू येतात. २०२१च्या रीमेकमध्ये जेक जिलनहाल आहे, आणि फोनवरच्या आवाजांत इथन हॉक, रायली कीओ, पीटर सार्सगार्ड, पॉल डेनो. ही जोडी हेडफोन लावून, डोळे मिटून दहा मिनिटं ऐका. ओळखीचा आवाज आला की आपण चेहरा लावतो आणि फोनपलीकडचा अंधार कमी होतो. मूळ सिनेमा पाहणाऱ्या परदेशी प्रेक्षकाकडे ते चेहरे नसतात. सेदरग्रेन जवळजवळ हलत नाही. जिलनहाल ओरडतो, रडतो, इन्हेलर ओढतो. शेवटी सेदरग्रेन बाहेर पडत कोणाला तरी फोन लावतो, कोणाला ते कळत नाही. रीमेकमध्ये त्याने गुन्हा कबूल केल्याची बातमी ऐकू येते. पुन्हा तोच मिटलेला हिशोब.

तुलना कुठे फसते

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्येक बदलाचं खापर स्टारवर फोडणं. ते तपासायला एक जोडी आहे. मिशाएल हानेकेने आपलाच १९९७चा ऑस्ट्रियन ‘फनी गेम्स’ २००७मध्ये अमेरिकेत जवळजवळ शॉट-दर-शॉट पुन्हा केला. नेओमी वॉट्स आणि टिम रॉथ आले, पण शेवट तसाच भीषण राहिला. याउलट जॉर्ज स्लाइझरने आपल्या १९८८च्या डच सिनेमाचा, ‘स्पोरलोस’चा, १९९३मध्ये हॉलिवूडमध्ये ‘द व्हॅनिशिंग’ केला आणि जिवंत गाडला गेलेला नायक तिथे वाचला, खुनी मेला. दिग्दर्शक दोन्हीकडे तोच असूनही एकात हिशोब उघडा, दुसऱ्यात मिटलेला. म्हणून नट, दिग्दर्शक आणि स्टुडिओ अशा तीन नोंदी वेगळ्या ठेवा. फरक एकाच नोंदीने समजावला जात असेल तरच तसं लिहा. ‘फनी गेम्स’ मन घट्ट असलेल्यांनीच पाहावा.

दुसरी चूक पुरस्कारांवरून निकाल देण्याची. ‘द डिपार्टेड’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, म्हणून डिग्नमचा शेवट मूळ शेवटापेक्षा सरस ठरत नाही.

तिसरी चूक परकेपण विसरण्याची. ‘इन ऑर्डर ऑफ डिसअपिअरन्स’ या २०१४च्या नॉर्वेजियन सिनेमात बर्फ हटवणारा बाप साकारणारा स्कार्सगार्ड कथेतही स्वीडिश आहे, गावात स्थिरावलेला बाहेरचा माणूस. ‘कोल्ड परस्यूट’ या २०१९च्या रीमेकमध्ये लिअम नीसन आला, आणि सूड घेणारा बाप म्हणून तो प्रेक्षकाला आधीच पाठ होता. दिग्दर्शक हान्स पेटर मोलान्ड तोच असूनही विनोद निम्मा झाला, कारण या माणसाला मारता येतं याचं कोणालाच आश्चर्य वाटत नाही.

लिहिताना, दाखवताना

लेख लिहायचा असेल तर सगळी वही ओतू नका. एक पात्र, एक प्रसंग आणि एक शेवट एवढं घेऊन हजार-बाराशे शब्दांत मांडा. प्रत्येक विधानामागे पडद्यावर दिसणारी किंवा ऐकू येणारी गोष्ट हवी. ‘अभिनय संयत आहे’ हे अपुरं आहे, ‘तो फोन ठेवल्यावरही हेडसेट काढत नाही’ हे पुरेसं.

फिल्म क्लबमध्ये दाखवताना जाहीर प्रदर्शनाची परवानगी आधी घ्या. ओटीटीचं घरचं सभासदत्व त्यासाठी चालत नाही. मूळ सिनेमा पूर्ण दाखवा आणि रीमेकचे तीन-चार तुकडे, प्रत्येकी चार-पाच मिनिटांचे. क्रम असा ठेवा: नायकाचं पहिलं दर्शन, त्याचं सर्वांत वाईट कृत्य, चौकशी, शेवट. तुकड्यांच्या वेळा आदल्या दिवशी त्याच यंत्रावर आणि त्याच प्रतीवर लावून घ्या, कारण दुसऱ्या प्रतीवर त्या हमखास सरकतात. दोन प्रतींचा आवाज सारखा करून ठेवा. रीमेकचा आवाज बहुधा मोठा असतो आणि मोठ्या आवाजातला अभिनय लोकांना जास्त प्रभावी वाटतो. शेवटचा तुकडा लावण्याआधी दिवे लावून प्रेक्षकांना कागदावर एकच गोष्ट लिहायला सांगा: या माणसाचं पुढे काय व्हायला हवं? कागद गोळा करा आणि मग शेवट दाखवा.